फताडे पाय

बाळकुमच्या आमच्या घरात चप्पल ही बाहेरगावी जायची वस्तू होती. ओटीवरच्या खुंट्यांना बाबांच्या टोपीशेजारी दोन जोड टांगलेले असत, एक बाबांचा आणि एक घरातल्या सगळ्या बायकांत मिळून. ठाण्याला बाजारात किंवा कुणाच्या लग्नाला जायचं असलं की जी जाणार तिच्या पायात तो जोड चढे, मग पुढे बोटभर जागा उरो की मागे टाच बाहेर राहो. बाकी सारा दिवस घर अनवाणी. बाबा मिठागरावर कामाला होते. खाऱ्या चिखलाचे वाफे पायांनी तुडवून तुडवून पाटासारखे सपाट करायचे, हे त्यांचं कसब. आये ओहोटीची वेळ बघून खाडीत उतरायची, कधी कालवं फोडायला, कधी चिखलातले निवट्या मासे धरायला. ती चिखलातून चालू लागली की पावलागणिक ओला, जड आवाज यायचा, आणि बांधावर बसून मी नि माझा थोरला भाऊ आत्माराम त्या आवाजावरून ओळखायचो की ती आता किती लांब आहे. परत आली की गुडघ्यापर्यंत काळीशार. रांजणातलं पाणी पायांवर ओतून ती घरात शिरे, आणि सारवलेल्या जमिनीवर तिची ओली पावलं उमटत. अख्खी पावलं. टाचेपासून बोटांपर्यंत कुठे खाच नाही, पोकळी नाही. जणू कुणी भाकरी थापत नेलीय. बाबांची वेगळी होती, मध्ये अरुंद. माझी आयेसारखी. हे मला ठाऊक होतं, पण आपलं नाक आईवर गेलंय हे जसं ठाऊक असतं, तितकंच.

जेवणाचं सांगितल्याशिवाय मला त्या घरातून पुढे सरकता येत नाही. कालवं आली की आत्मारामची बायको, आमची हिरावयनी, त्यांना हळद-मीठ लावून ठेवायची, आणि चिंचेच्या कोळात त्यांचं आंबट उकळायला लागलं की मागच्या दारी बांधलेली म्हैससुद्धा मान वळवायची असं बाबा म्हणत. तांदळाची भाकरी, ते आंबट, वर जवळ्याची सुकी चटणी. हॉस्टेलच्या पातळ वरणासमोर बसून मी त्या वासासाठी अक्षरशः रडलेली आहे. आता त्याच जागेवर बावीस मजल्यांचा टॉवर आहे आणि त्यातल्या अकराव्या मजल्यावर मी राहते. कालवं अजून मिळतात, फोन केला की एक बाई आणून देते. चव बरी असते.

नर्स व्हायचं माझ्या डोक्यात कुणी मुद्दाम घातलं नाही. हिरावयनी पहिल्या वेळी अडली तेव्हा तिला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि मी सोबतीला होते. तिथे एका सिस्टरने निळ्या पडलेल्या बाळाला उलटं धरून, पाठीवर चोळून, तोंडातलं काढून, रडवलं. सगळं मिळून दोन मिनिटं. नंतर तिने हात धुतले आणि जणू काहीच घडलं नाही अशी दुसऱ्या खाटेकडे गेली. मला तिच्यासारखं हात धुवायचे होते. मॅट्रिक होणारी मी घरातली पहिली. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "जा. पन अर्ध्यातून पलून येऊ नको. गावाला हसायला कारण नको."

कल्याणच्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत मला प्रवेश मिळाला. पहिले सहा महिने उमेदवारीचे. त्यानंतर बाहेरचे एक डॉक्टर येऊन सगळ्या मुलींची शारीरिक तपासणी करत, आणि त्यात पास झालं तरच पुढची तीन वर्षं. शाळेकडून आम्हाला दोन पांढरे गणवेश मिळाले आणि कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांचा एक जोड, पातळ तळाचा, आतून पापडासारखा सपाट. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचं काहीतरी पायात घातलं याचा मला इतका आनंद झाला की पहिल्या रात्री मी ते उशाशी घेऊन झोपले.

आनंद तीन आठवडे टिकला. वॉर्डात शहाबादी फरशी, आणि सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत पायांवर. बेडपॅन, थर्मामीटर, चादरी, पुन्हा बेडपॅन. आधी तळव्याच्या आतल्या बाजूला, जिथे इतरांना कमान असते तिथे, सुई टोचल्यासारखं होऊ लागलं. मग सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ यायची, अशी की भिंत धरावी लागे. दोन महिने झाले तेव्हा संध्याकाळी घोट्याच्या आतल्या हाडाखाली सूज दिसू लागली. मी कुणाला सांगितलं नाही. कॅन्टीनमधून मीठ मागून आणून गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे आणि खोलीतल्या मुलींना सांगायचे की आमच्याकडे अशी पद्धत आहे. ड्यूटीवर औषधांच्या कपाटाला टेकून एक पाय उचलायचा, मग दुसरा, असं करत करत मी बगळ्यासारखी दिवस ढकलत होते.

आमच्या मेट्रन सामंतबाई मालवणकडच्या, उंच, सडपातळ, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्या आवाज चढवत नसत म्हणूनच सगळे घाबरत. एका सकाळी राऊंडच्या आधी मी पडद्याआड एका म्हातारीला स्पंजिंग करत होते आणि कळ इतकी आली की मी बूट काढून खाटेखाली सरकवले. गार फरशीवर अनवाणी पाय टेकले आणि मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. पडदा सरकला. सामंतबाई.

त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली. "बूट कुठे आहेत, भोईर?"

"खाटेखाली, बाई."

"का?"

खोटं सुचलं नाही. "पाय दुखतात. बुटांनी जास्त दुखतात."

त्या खाली वाकल्या नाहीत, फक्त माझ्या पावलांकडे बघत राहिल्या. "फताडे पाय आहेत तुझे. हे प्रवेशाच्या वेळी कुणी बघितलं नाही?" मग खाटेवरच्या म्हातारीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "पोरी, तुझा हात चांगला आहे. मी बघितलंय. पण नर्सचं अर्धं काम पायांचं असतं. मेडिकलला दोन महिने आहेत. पंधरा दिवसांची रजा घे आणि घरी जाऊन विचार कर. विचार करताना स्वतःशी खोटं बोलू नकोस."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ट्रंक भरायला निघाले आणि वाटेत, रुग्णांच्या न्हाणीघराबाहेरच्या व्हरांड्यात, पाय गार करावेत म्हणून नळाखाली धरले आणि ओल्या पायांनी चालू लागले. हातात बूट, डोळ्यांत पाणी. मागून कुणीतरी हाक मारली, "अगं, थांब जरा! तिथेच थांब, पुसू नकोस!"

त्या केळकरबाई. डोंबिवलीहून आठवड्यातून दोनदा यायच्या. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती, तिथे भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, एक मोठा चेंडू, एक गरम मेणाची पेटी. दारावर फिजिओथेरपी असं लिहिलेलं. आम्ही उमेदवार मुली त्या खोलीला व्यायामशाळा म्हणायचो. वयाने त्या माझ्याहून आठदहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, फरशीवरच्या ओल्या ठशांकडे बघत होत्या.

"सबंध पाऊल," त्या म्हणाल्या. "कधीपासून दुखतंय?"

"इथे आल्यापासून."

"त्याआधी? गावाला चालायचीस की नाही?"

"शाळेत रोज चालत जायचे. खाडीतही जायचे आयेबरोबर. तेव्हा कधी नाही दुखलं."

"तुझ्या आईचे पाय कसे?"

"असेच. याहून सपाट."

"आणि तिचे दुखतात?"

मी विचारात पडले. आयेची कंबर दुखायची, डोकं दुखायचं, पाय दुखतात असं ती कधी म्हटल्याचं आठवेना. तसं सांगितल्यावर केळकरबाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं, भिंतीला हात लावून उभं केलं आणि म्हणाल्या, "आता टाचा उचल. चवड्यांवर उभी राहा. आणि मान खाली करून बघ."

मी पाहिलं. माझ्या पायाला कमान होती. आतल्या बाजूला, तळवा उचललेला, खाली बोट जाईल इतकी पोकळी. अठरा वर्षांत मी ती पाहिली नव्हती.

"दिसली?" बाई हसत होत्या. "पाय सैल आहे, मोडलेला नाही. उभं राहिलं की कमान बसते, टाचा उचलल्या की उठते. अशा पायांची कितीतरी माणसं आयुष्यभर सुखाने चालतात, तुझ्या आईसारखी. तुझ्या पायांनी मऊ मातीत कष्ट केलेत. तू त्यांना एकदम दगडी फरशीवर, पातळ बुटांत, आठ तास उभं केलंस. ते तयार नव्हते, एवढंच. तयार करूया."

आजही कुणी आई आपल्या चारपाच वर्षांच्या मुलाला घेऊन घाबरीघुबरी माझ्याकडे येते, पाय सपाट आहेत म्हणून, तेव्हा मी त्याला चवड्यांवर उभं करते आणि त्याच्या आईला खाली बघायला लावते. इतक्या लहान मुलांचे पाय बहुधा सपाटच असतात, पुढे कमान येते. टाचा उचलूनही कमान उठत नसेल, पाय ताठ असेल, किंवा मोठेपणी एकाच पायाची कमान अचानक बसली असेल आणि सूज असेल, तर मात्र मी त्यांना सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवते. हा फरक मी पुस्तकातून नंतर शिकले. त्या दिवशी मला एवढंच कळलं की मी मोडकी नाही.

केळकरबाईंनी दोन कागद लिहिले. एकावर व्यायाम, दुसऱ्यावर विठ्ठलवाडीच्या एका बूट बनवणाऱ्याचं नाव. सोनावणे नावाचे ते गृहस्थ पोलिओ झालेल्या मुलांचे बूट करत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना शोधत गेले. स्टेशनापासून आत एका गल्लीत पत्र्याची शेड, भिंतीवर लहान लहान पावलांचे लाकडी साचे ओळीने टांगलेले, आणि चिकटवायच्या द्रावणाचा डोकं उठवणारा वास. सोनावणेमामा पन्नाशीचे, जाड काचेचा चष्मा लावलेले. मी नमस्कार केला तर म्हणाले, "आधी पाय. तोंडओळख नंतर." मला कागदावर उभं करून त्यांनी पेन्सिलने पावलांभोवती रेघ मारली, मग माझे जुने बूट उचलून त्यांचे तळ उजेडात धरले. आतल्या बाजूने रबर झिजून पार कलंडलेलं होतं.

"हे बघ, कसे आत पडलेत. टाचेला धरणारं काहीच नाही मागे. हा बूट आहे का पायमोजा?" त्यांनी माझ्या बुटाची मागची बाजू दोन बोटांत चिमटून वाकवली. "मागून कडक पाहिजे. मध्ये आधार पाहिजे. पण आधार पहिल्याच दिवशी उंच नाय द्यायचा, नाहीतर दगडावर उभं राहिल्यासारखं होतं. आता एवढा," त्यांनी बोटाचं पेर दाखवलं, "एक महिन्याने ये, थोडा वाढवू."

"पण मामा, बूट शाळेचेच घालावे लागतात. वेगळे दिसले तर मेट्रनबाई..."

"कोण म्हणालं वेगळे दिसतील?" त्यांना माझा रागच आला. "वरून शाळेचा, आतून माझा. तुझ्या मेट्रनच्या बापाला ओळखू येणार नाही."

चार दिवसांनी बूट तयार झाले. पांढरा कॅनव्हास तोच, पण टाचेच्या भोवती चामड्याची कडक वाटी, खाली जाड तळ आणि आत बुचाच्या लाकडाचा, वर मऊ कातडं लावलेला, छोटासा उंचवटा. ते घालून मी एसटीच्या थांब्यापर्यंत चालले. दुखणं गेलं नव्हतं. पण कुणीतरी खालून तळहात लावून धरलंय असं वाटत होतं.

घरी मी पाय दुखतात म्हणून आले हे कळल्यावर पहिले दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. शेजारच्या काकूंनी ऐकवलं, "फताड्या पायाच्या पोरीला आंगमेहनतीचं काम नाय जमत, मी तवाच बोल्लेली." आये चुलीपुढे होती. ती उठून बाहेर आली, लुगडं थोडं वर धरलं आणि आपलं काळं, रुंद पाऊल ओटीच्या कडेवर ठेवलं. "ह्ये बग. माजंबी फताडंच हाय. या पायांव सात कोस चिखल तुडवलाय. तुज्या घरात कोनी तुडवलाय त सांग." काकू निघून गेल्या. आये माझ्याकडे वळली. "बाईनं काय करायला सांगितलंय तुला? कर. माज्यासमोर कर."

आणि मग त्या घरात माझ्या पायांची शाळा भरली. सकाळी उंबऱ्यावर चवडे टेकून टाचा खाली सोडायच्या, पोटरी ताणायची. पोटरी आखडलेली असली की कमानीवर ओढ येते असं बाईंनी समजावलं होतं. मग ओटीवर चिंचोके पसरून पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचे. मग पंचा जमिनीवर पसरून बोटांनी जवळ ओढत आणायचा. सगळ्यात कठीण म्हणजे बोटं न वळवता, नुसता तळवा आखडून पाऊल आखूड करायचं. ते पहिले आठ दिवस मला जमलंच नाही, पायाऐवजी तोंड वाकडं व्हायचं. तळवा रगडायला मी वयनीचं लाटणं घेतलं तेव्हा तिने किंकाळी फोडली, "अगो, त्याच्यानं भाकऱ्यांची उकड ढवलते मी!" तिने मला सोड्याची रिकामी बाटली आणून दिली. चिंचोक्यांचा खेळ मात्र तिला भलताच आवडला. दुपारी आंबट रटरटत असताना आम्ही दोघी समोरासमोर बसून पैजा लावायचो, आणि ती दुसऱ्या बाळंतपणातून उठलेली, मांडीवर मूल घेऊन, डाव्या पायाने मला हरवायची. आये कालवं फोडता फोडता बघत असायची. एकदा कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिने पायाने एक चिंचोका उचलला आणि वाटीत टाकला, तो टणकन आवाज मी ऐकला आणि वर पाहिलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पाचव्या दिवशी उत्साहाच्या भरात मी टाचा उचलायचा व्यायाम शंभरदा केला आणि दुसऱ्या सकाळी पायच टेकवेना. मी रडले, बूट कोपऱ्यात फेकले, नर्सिंगच सोडते म्हणाले. बाबा मिठागरावरून आलेले, पाय धूत होते. ते म्हणाले, "मिठाचा वाफा एका दिवसात तुडवून होतो का? पहिल्या दिवशी जास्त तुडवला त फुटतो. थोडा तुडवायचा, सुकू द्यायचा, परत तुडवायचा." नंतर ते जेवायला बसले. त्यानंतर मी मोजून केलं. दहा, मग दोन दिवसांनी बारा, मग पंधरा. दुखलं तर थांबायचं, बाटली फिरवायची, पाय उशीवर ठेवून पडायचं.

रजा संपवून मी परत गेले तेव्हा पाय बरे नव्हते, पण ते माझं ऐकू लागले होते. केळकरबाई आल्या की मी त्यांच्या खोलीत हजर. दोन पायांवरून त्यांनी मला एका पायावर आणलं: एकच टाच, भिंतीला फक्त बोट टेकवून, वर आणि हळूच खाली. "खाली येताना सावकाश. तिथेच ताकद येते." सोनावणेमामांनी महिन्याने उंचवटा वाढवला. आणि एका दुपारी, तीन वाजता, ड्यूटी संपून मी हॉस्टेलच्या पायऱ्या चढत होते, मैत्रिणीशी कशावरून तरी भांडत, आणि चौथ्या पायरीवर माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मला पायांची आठवणच झाली नाही. मी तिथेच थांबले. मैत्रिणीला वाटलं माझ्याकडे उत्तर नाही, आणि ती भांडण जिंकून वर निघून गेली.

मेडिकलचा दिवस. मोठ्या हॉलमध्ये पडदे लावलेले, आम्ही बारा मुली रांगेत, अनवाणी. तपासणारे डॉक्टर वयस्कर होते, पूर्वी सैन्यभरतीचं काम केलेले, आवाज परेडवरचा. सामंतबाई टेबलाशेजारी नावांची वही घेऊन उभ्या. माझी पाळी आली. छाती, डोळे, दात, वजन सगळं ठीक. मग त्यांनी खाली पाहिलं, एक क्षणभरच, आणि लिहायला सुरुवात करत म्हणाले, "फ्लॅट फूट. अनफिट. नेक्स्ट."

माझ्या मागची मुलगी एक पाऊल पुढे सरकलीसुद्धा. मी हलले नाही. माझ्या तोंडून आवाज आला तो मलाच अनोळखी होता.

"डॉक्टर, तुम्ही नुसता आकार बघितलात. पाय बघितला नाहीत."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"माझे पाय सपाट आहेत हे खरं. पण ते काम करतात की नाही ते बघा ना. आणि मग लिहा." मी उजवा पाय उचलला, टेबलाच्या कडेला एक बोट टेकवलं आणि डाव्या चवड्यावर वर गेले. "ही कमान बघा. वर गेलं की येते. टाच आत वळते. पाय लवचिक आहे." आणि सावकाश खाली आले. पुन्हा वर.

"बरं, बरं, कळलं," ते म्हणाले, पण पेन खाली ठेवलं होतं.

मी थांबले नाही. चार. पाच. सहा. मागून कुणीतरी मुलीने हळू आवाजात मोजायला सुरुवात केली, मग दुसरीने. दहा झाले तेव्हा डॉक्टर खुर्चीतून पुढे वाकून माझ्या टाचेकडे बघत होते. पंधराला पोटरी पेटली. अठराला मी बाबांचा वाफा आठवला आणि खाली येताना आणखी सावकाश आले. पंचवीस. मग पाय बदलला. उजव्यावर पंचवीस होईपर्यंत अख्खी रांग मोठ्याने मोजत होती, आणि सामंतबाईंनी एकीलाही गप्प केलं नाही.

डॉक्टरांनी खाली वाकून माझा घोटा हातात धरला, इकडेतिकडे फिरवला, तळवा दाबला. "इथे दुखतं?" नाही. "इथे?" नाही. "आधी दुखायचं?"

"खूप दुखायचं."

"मग काय केलंस?"

मी सांगितलं. चिंचोके, उंबरा, बाटली, बूट, सगळं. त्यांना हसू आलं, पण चेष्टेचं नव्हतं. मग त्यांनी सामंतबाईंकडे पाहिलं. "वॉर्डात कशी आहे?"

"गेल्या चार आठवड्यांत एकही ड्यूटी चुकली नाही," सामंतबाई म्हणाल्या. वही उघडायची त्यांना गरज पडली नाही. "एकदाही टेकून उभी राहिलेली मला दिसली नाही. आणि मी बघत होते."

डॉक्टरांनी लिहिलेली ओळ खोडली. खोडताना पेनचा जो करकर आवाज झाला त्याहून गोड आवाज मी आयुष्यात क्वचितच ऐकला असेल. वर त्यांनी लिहिलं, फिट, आणि सही केली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पुन्हा परेडच्या आवाजात म्हणाले, "नेक्स्ट!"

त्यानंतर मी चौतीस वर्षं नोकरी केली. ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाशी सलग सहा सहा तास उभी राहिले, डेंग्यूच्या साथीत दोन पाळ्या एकापाठोपाठ केल्या. पाय सपाट ते सपाटच आहेत. अधूनमधून कुरकुरतात, विशेषतः लग्नसराईत मी नातीच्या हट्टाखातर नाजूक सँडल घालते तेव्हा. मग पुन्हा भिंतीला बोट टेकवून टाचा उचलायच्या. हल्ली दुकानात यंत्रावर उभं करून पायांचं रंगीत चित्र काढतात आणि तयार तळवे देतात. काहींना उपयोग होतोही. मी मात्र प्रत्येकाला आधी विचारते, दुखतंय का? दुखत नसेल तर सपाट पायाला औषध नको, त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे.

मेडिकलच्या दुसऱ्या दिवशी सामंतबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरांना उलट बोलल्याबद्दल आता ऐकायला मिळणार.

"ते बूट," त्या म्हणाल्या. "शाळेचे नाहीत."

माझा चेहरा पडला. "वरून शाळेचेच आहेत, बाई."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या पावलांचा आवाज बदलला." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मग त्यांनी टेबलाखाली वाकून आपल्या पायातला एक बूट काढला. पाऊल लांब, गोरं, कमान इतकी उंच की तळवा जमिनीला जेमतेम टेकत असेल, आणि टाच नि चवडा दोन्हीवर जाड घट्टे, एकावर भेग पडून पट्टी लावलेली. माझ्या अगदी उलट पाय. "बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, त्याच न चढणाऱ्या आवाजात. "उंच कमानीलाही दुखतं, भोईर. कुणाला सांगितलं नाही. तुझा तो माणूस मेट्रनचे बूट करेल का?"

पुढच्या रविवारी मी त्यांना विठ्ठलवाडीला घेऊन गेले. सोनावणेमामांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाऊल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की या पायाला टेकायला जागाच कमी मिळते, तर आपण जमीन वर आणू. आठ दिवसांनी बूट आणायला आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी ते शेडमध्येच घातले, उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली, आणि तशाच गल्लीत बाहेर पडल्या. मी मामांचे आभार मानून मागोमाग निघाले तोवर त्या रस्त्याच्या वळणापर्यंत पोचल्या होत्या, पदर खोचलेला, मान ताठ, आणि लोक वाट सोडत होते. "बाई, थांबा!" मी ओरडले. त्या थांबल्या नाहीत. मागे वळून मात्र पाहिलं, आणि मी सामंतबाईंना पहिल्यांदा दात दाखवून हसताना पाहिलं. मग मी साडी घोट्याच्या वर धरली आणि भर बाजारातून त्यांच्यामागे धावत सुटले.